बेटांची बेगमी

डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस शेकडो कोस दूरच्या कोरड्या मैदानात पोचवणारी आणि चार महिन्यांचे पाणी बाराही महिने पुरवून देणारी जी व्यवस्था, तिलाच आपण नदी म्हणतो. आणि ही व्यवस्था इतकी जुनी व इतकी निमूटपणे चालणारी आहे की, खंडावर राहणाऱ्या माणसाला, आपण आज पितो ते पाणी बहुधा दुसऱ्या मुलखात आणि दुसऱ्याच महिन्यात पडलेले असते, याची आठवणही सहसा होत नाही. पॅसिफिक महासागराच्या उष्ण कटिबंधात विखुरलेल्या प्रवाळद्वीपांवरील रहिवाशांना ही सवलत निसर्गाने दिलेली नाही. तेथे उपयोगी पडावयाचा तो पाऊस आपल्याच बेटावर, किंबहुना आपल्याच छपरावर पडला पाहिजे. तो शेजारच्या बेटावर किंवा चार मैलांवरच्या समुद्रात पडला, तर न पडल्यातच जमा.

फिजीच्या उत्तरेस सुमारे हजार किलोमीटरवर असलेले तुवालू हे राष्ट्र या परिस्थितीचा अगदी ठळक नमुना होय. नऊ बेटे, सगळी मिळून जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या अकरा हजारांच्या घरात, आणि उंचातली उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पाच मीटरपेक्षा वर नाही, असे हे राज्य. तेथे नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. प्रवाळाच्या सच्छिद्र भूमीत मुरलेले पावसाचे पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर, खारे पाणी अधिक जड असल्यामुळे, तरंगत राहते आणि भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा एक पातळ साठा जमिनीखाली तयार होतो. या साठ्याच्या ओलीवर अळवाच्या जातीचा पुलाका नावाचा मोठा कंद खोल खड्ड्यांतून पिकवला जातो. परंतु पाऊस ओढ देऊ लागला की हे भिंग आक्रसते, भरतीच्या लाटा आत शिरतात, विहिरी मचूळ होतात आणि पुलाक्याची पाने पिवळी पडू लागतात. पिण्याच्या पाण्याचा भरवसा म्हणून उरतो तो छप्पर, पन्हळ आणि टाकी या त्रयीचाच.

वाचकाला आश्चर्य वाटेल, परंतु तुवालूची राजधानी फुनाफुटी येथे वर्षाकाठी सरासरीने साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वर्षातला एकही महिना सरासरीच्या हिशेबाने कोरडा म्हणता येत नाही. तरीही तेथे पाण्याचा दुष्काळ पडतो, आणि तो असा पडतो की राजशासनाला आणीबाणी पुकारावी लागते. कारण उघड आहे. ज्या मुलखाला धरणे व तळी आहेत त्याचा कारभार वर्षाच्या सरासरीवर चालू शकतो. ज्याची सारी शिल्लक एका टाकीत मावते, त्याला येते तीन महिने कसे जाणार एवढाच प्रश्न महत्त्वाचा असतो. उद्याच्या पावसाचे भाकीत त्याच्या फारसे कामाचे नाही आणि शंभर वर्षांनंतरच्या हवामानाची चर्चा त्याची आजची घागर भरीत नाही. या दोहोंच्या मधला, तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचा जो पल्ला, त्यासाठी केलेल्या अनुमानाला हंगामी पर्जन्य-अंदाज म्हणतात. आणि हे शास्त्र बेटवासीयांच्या किती व कोणत्या उपयोगाचे आहे, हे पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

पावसाचा लहरीपणा न ओळखता आखलेली योजना कशी फसते, याचे एक उदाहरण पॅसिफिकच्या इतिहासातच नमूद आहे. आज किरिबाती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्राच्या गिल्बर्ट बेटांवर वस्ती दाट झाली म्हणून, हॅरी मॉड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९३८ साली तेथील काही कुटुंबे पूर्वेकडील फीनिक्स समूहाच्या निर्जन बेटांवर नेऊन वसवण्यात आली. नारळ लावले गेले, घरे उभी राहिली, कारभारही सुरू झाला. परंतु वारंवार पडणारी अवर्षणे आणि बाहेरच्या जगापासूनचे तुटलेपण यांपुढे वसाहत टिकाव धरू शकली नाही, आणि १९६३ पर्यंत ती गुंडाळून रहिवाशांना सॉलोमन बेटांवर हलवावे लागले. ज्या कोणी ही बेटे ओल्या वर्षी पाहिली असतील त्याला ती हिरवीगार व वसतियोग्य वाटली, तर त्यात नवल नाही. विषुववृत्ताजवळच्या या पट्ट्यात ओल्या आणि कोरड्या वर्षांतील पावसात पाच-सहा पटींचा फरक पडू शकतो, आणि तो फरक कोण घडवून आणतो याचा उलगडा त्या काळी पूर्णपणे झालेला नव्हता.

सिमल्यात सापडलेला दुवा

तो उलगडा होण्याची सुरुवात मात्र पॅसिफिकमध्ये न होता हिंदुस्थानात झाली, आणि तीही दुष्काळाच्या पोटी. १८७६ ते १८७८ या वर्षांतील भीषण दुष्काळानंतर हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याकडे मान्सूनचा अंदाज आगाऊ वर्तवण्याची कामगिरी सोपवली गेली. खात्याचा तेव्हाचा प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने हिमालयावरील बर्फाच्या साठ्याशी मान्सूनची सांगड घालून पाहिली. परंतु १८९९ साली पावसाने पुन्हा दगा दिला, आणि असा दुवा पुरेसा नाही हे सरकारदरबारी कळून चुकले. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. रँग्लर परांजपे यांनी १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लरचा जो मान मिळवला, तोच मान वॉकरने त्यांच्या आधी दहा वर्षे मिळवलेला होता. हवामानशास्त्राचे शिक्षण त्याला नव्हते, आणि बहुधा म्हणूनच कोणत्याही सिद्धान्ताच्या आहारी न जाता त्याने निव्वळ आकड्यांना बोलते करण्याचा मार्ग पत्करला. जगभरच्या वेधशाळांचे वायुभार, तपमान आणि पर्जन्य यांचे तक्ते मागवून, कारकुनांच्या ताफ्याकडून हाताने गुणाकार-भागाकार करवून घेऊन, कोणत्या ठिकाणचा कोणता आकडा दुसऱ्या कोणत्या ठिकाणच्या आकड्याबरोबर वरखाली होतो, हे तो वर्षानुवर्षे शोधीत राहिला. त्याच्या मान्सूनच्या सूत्रात हिमालयातील बर्फ, दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि झांजिबारचा पाऊस यांच्या जोडीला मॉरिशसचा वायुभारही होता. म्हणजे बेटांसाठी अंदाज वर्तवण्याची वेळ येण्यापूर्वीच बेटांवरील नोंदी हिंदुस्थानच्या अंदाजाला हातभार लावू लागल्या होत्या.

वॉकरला मान्सूनची किल्ली हवी तशी सापडली नाही. परंतु शोधता शोधता त्याच्या हाती त्याहून मोठी वस्तू लागली. पॅसिफिकच्या पूर्व भागात वायुभार वाढला की हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूस तो घटतो, आणि इकडे वाढला की तिकडे घटतो, असा एक प्रचंड झोका त्याच्या आकड्यांतून दिसू लागला, आणि १९२४ च्या सुमारास त्याने त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. पुढे १९२८ मध्ये खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास हलले, आणि शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच राहिली. तथापि झोका का हलतो, हे कोडे सुटण्यास आणखी चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस या नॉर्वेजियन-अमेरिकन शास्त्रज्ञाने, पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना ठाऊक असलेले ‘एल निन्यो’ हे समुद्राचे तापणे आणि वॉकरचे वायुभाराचे आंदोलन ही एकाच घटनेची दोन अंगे असल्याचे दाखवून दिले, आणि विषुववृत्तावरील पूर्वपश्चिम वायुचक्राला त्याने कृतज्ञतापूर्वक वॉकरचेच नाव दिले.

समुद्राची स्मृती

हवामानाचा दैनंदिन अंदाज दोन आठवड्यांपलीकडे फारसा पोचत नाही, ही आता शास्त्राने मान्य केलेली मर्यादा आहे; कारण वातावरण हे अत्यंत चंचल द्रव्य असून आरंभीची बारीकशी चूकही त्यात झपाट्याने वाढत जाते. मग तीन महिन्यांनंतरचे अनुमान करण्याचे धाडस कशाच्या बळावर करावयाचे? त्याचे उत्तर समुद्रात आहे. वातावरण आठवड्यापूर्वीची आपली स्थिती विसरून जाते. समुद्र ती महिनोन्‌महिने विसरत नाही.

नेहमीच्या वर्षी विषुववृत्तावरील व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि, परातीतल्या पाण्यावर एका बाजूने सतत फुंकर घातली असता ते पलीकडच्या काठाशी चढावे त्याप्रमाणे, पॅसिफिकचे तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटले जाऊन साचते. तेथील समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. जेथे पाणी उष्ण तेथे हवा वर चढते आणि ढग दाटतात. म्हणून पश्चिम पॅसिफिकमध्ये मुसळधार पाऊस आणि पेरूच्या किनाऱ्यावर वाळवंट, अशी ही वाटणी आहे. काही वर्षांच्या अंतराने व्यापारी वारे मंदावतात, साचलेले उष्ण पाणी मध्य व पूर्व पॅसिफिककडे ओसरते, आणि त्याच्या मागोमाग ढगांचा बाजारही पूर्वेकडे उठून जातो. हा एल निन्यो. उलटपक्षी वारे नेहमीहून जोराने वाहू लागले की उष्ण पाणी पश्चिमेस अधिकच कोंडले जाते. ही ला निन्या. पृष्ठभागाखालून पूर्वेकडे निघालेली उष्णतेची लाट पॅसिफिक ओलांडावयास दोन-तीन महिने घेते, आणि हाच अवधी अंदाज करणाऱ्याच्या पदरी पडतो.

या हालचालींवर पाळत ठेवण्यासाठी विषुववृत्तालगत नांगरलेल्या सुमारे सत्तर तरंडांची एक साखळी १९९४ मध्ये पुरी झाली. ते तरंड समुद्राच्या पोटातील तपमान उपग्रहामार्फत कळवीत असतात. त्याआधीच, १९८६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेतील मार्क केन आणि स्टीफन झीबियक यांनी समुद्र व वातावरण यांच्या परस्परक्रियेचे एक सुटसुटीत गणिती प्रारूप चालवून येणाऱ्या एल निन्योचे भाकीत प्रसिद्ध केले होते, आणि तो एल निन्यो खरोखरच आला. आज मध्य पॅसिफिकमधील एका ठराविक चौकोनाचे तपमान, तसेच ताहिती व डार्विन या दोन ठिकाणच्या वायुभारांतील फरक, हे दोन आकडे जगभरच्या हवामान खात्यांतून रोजच्या रोज रुजू केले जातात. या शास्त्रालाही एक खोल दरी आहे. मार्च ते मे या महिन्यांत पॅसिफिक दोन स्थितींच्या सीमेवर घुटमळत असतो, आणि त्या काळात पुढच्या वर्षअखेरीविषयी केलेले अनुमान पुष्कळदा फसते. जूननंतरचे अंदाज त्या मानाने भरवशाचे असतात.

बेटांवर याचा परिणाम सर्वत्र सारखा होत नाही. सॉलोमन बेटांपासून आग्नेयेकडे सामोआ, टोंगा व त्यांच्याही पलीकडे ढगांचा एक लांबच लांब तिरपा पट्टा पसरलेला असतो. त्यास दक्षिण पॅसिफिक अभिसरण पट्टा म्हणतात. एल निन्योच्या वर्षी हा पट्टा ईशान्येस सरकतो, तेव्हा फिजी, टोंगा, वानुआतू आणि पापुआ न्यू गिनी पावसाला पारखे होतात, आणि किरिबाती, नाउरू व तुवालू यांच्यावर तो अतोनात कोसळतो. ला निन्याच्या वर्षी पट्टा नैर्ऋत्येस जातो आणि दैवाचे फासे उलटे पडतात. त्यातही एल निन्यो किरिबातीला दुहेरी लाभ देतो, कारण उष्ण पाण्याबरोबर टूना माशांचे थवे पूर्वेकडे येतात आणि परदेशी मासेमारी जहाजांच्या परवान्यांचा महसूल वाढतो. बेट लहान व सभोवार समुद्रच समुद्र, डोंगर-दऱ्यांचा अडथळा नाही. त्यामुळे समुद्राच्या तपमानाचा पावसाशी असलेला संबंध येथे एखाद्या खंडाच्या अंतर्भागापेक्षा अधिक सरळ व अधिक घट्ट असतो. मोठ्या डोंगराळ बेटाची गोष्ट निराळी. फिजीच्या विती लेवू बेटावर आग्नेय वाऱ्यांच्या तोंडी असलेल्या सुव्हाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, तर डोंगराआडच्या नांदीला त्याच्या दोनतृतीयांशाहून कमी. आणि एल निन्योचा खरा तडाखा बसतो तो याच कोरड्या पश्चिम भागातील उसाच्या मळ्यांना, जेथील कास्तकार बहुतांशी गिरमिटाच्या करारावर आलेल्या हिंदी मजुरांचे वंशज आहेत.

अंदाज कसा वाचावा

हंगामी अंदाज सामान्य माणसाच्या हाती पडतो तेव्हा त्यात ‘पाऊस अमुक मिलिमीटर पडेल’ असे विधान नसते, आणि येथेच गैरसमजाला सुरुवात होते. अंदाजाची रीत अशी: एखाद्या ठिकाणच्या मागील तीस वर्षांच्या, समजा, नोव्हेंबर ते जानेवारी या तिमाहीच्या पावसाचे आकडे चढत्या क्रमाने मांडावयाचे आणि त्यांचे तीन सारखे वाटे करावयाचे. तळची दहा वर्षे कोरडी, मधली दहा साधारण, वरची दहा ओली. समुद्राची आजची स्थिती काहीच सांगत नसेल, तर येत्या तिमाहीला या तीन वाट्यांपैकी कोणत्याही एका वाट्यात पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३३ टक्के राहील. समुद्र काही सांगत असेल, तर पारडे कलते. पॅसिफिकमधील बहुतेक हवामान खात्यांत ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने तयार झालेली ‘स्कोपिक’ नावाची संगणक-प्रणाली वापरली जाते. तीत स्थानिक पावसाची जुनी दप्तरे आणि समुद्राचे तपमान यांचा मेळ घालून हे टक्के काढले जातात. अलीकडे त्याच्या जोडीला समुद्र व वातावरण यांची पूर्ण गणिती प्रारूपेही आली आहेत.

समजा, फुनाफुटीच्या ओळीत ५५, ३० आणि १५ असे आकडे आले. याचा अर्थ कोरड्या हंगामाची शक्यता नेहमीच्या ३३ वरून ५५ वर गेली आहे. पाऊस पडणार नाही असे येथे कोणी म्हटलेले नाही, आणि ओला हंगाम येण्याची वाटही बंद झालेली नाही. असा अंदाज शंभर वेळा दिला, तर पंचेचाळीस वेळा हंगाम कोरडा निघता कामा नये. जो खातेप्रमुख ५५ टक्के म्हणतो आणि दर वेळी खरा ठरतो, त्याचे टक्केच चुकलेले असतात. म्हणून एका हंगामावरून ‘वेधशाळा खोटी पडली’ असा निकाल देणारा माणूस, चूक असो वा बरोबर, अंदाज कशाला म्हणतात हेच समजलेला नसतो. ज्या वर्षी समुद्र तटस्थ असतो त्या वर्षी प्रामाणिक खात्याने ३३, ३४, ३३ असे आकडे छापावेत, आणि त्यापेक्षा अधिक काही सांगण्याचा मोह टाळावा, हेच शास्त्राला धरून आहे.

टाकीचा हिशेब

परंतु ५५ टक्के घेऊन सामान्य गृहस्थाने करावयाचे काय? त्याचे उत्तर शास्त्रात नाही, साध्या अंकगणितात आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शंभर चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर, दहा हजार लिटरची टाकी आणि घरात सात माणसे आहेत, असे धरू. माणशी पन्नास लिटर म्हटले तरी महिन्याचा खर्च साडेदहा हजार लिटर. महिन्याला तीनशे मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर पन्हळीतील गळती व उडून जाणारे पाणी वजा जाता चोवीस हजार लिटर येतात, आणि टाकी ओसंडून वाहते. जास्तीचे पाणी साठवावयास जागाच नाही. आता पाऊस साठ मिलिमीटरवर आला, तर जमा होते चार हजार आठशे लिटर. महिन्याची तूट पाच हजार सातशे. आणि भरलेली टाकी दोन महिनेही पुरत नाही. पण याच कुटुंबाने, टाकी भरलेली असतानाच, वापर एकतृतीयांशाने कमी करून सात हजार लिटरवर आणला, तर तूट बावीसशेवर येते आणि तीच टाकी साडेचार महिने निभावते. टाकी अर्धी झाल्यावर हाच शहाणपणा सुचला, तर त्याचे फळ निम्मे. काटकसरीची किंमत तिच्या मुहूर्तावर अवलंबून असते, आणि अंदाज जर काही देत असेल तर तो हा मुहूर्त देतो. त्या मुदतीत पन्हळी झाडून घ्याव्यात, टाक्यांच्या भेगा बुजवाव्यात, सार्वजनिक हौद भरून ठेवावेत, खारे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग मागवून ठेवावेत. यालाच आपल्या भाषेत बेगमी करणे म्हणतात.

ही बेगमी अपुरी पडली म्हणजे काय होते, ते २०११ साली दिसून आले. २०१० च्या मध्यापासून पॅसिफिकवर एका प्रबळ ला निन्याचा अंमल होता. तुवालूत पाऊस महिन्यामागून महिना ओढ देत गेला, आणि २८ सप्टेंबर २०११ रोजी तेथील शासनाला आणीबाणी जाहीर करावी लागली. फुनाफुटीत प्रत्येक घराला दिवसाकाठी दोन बादल्या, म्हणजे चाळीस लिटर पाणी मिळू लागले. नुकुलाएलाए बेटावरची स्थिती त्याहून बिकट होती. न्यूझीलंडच्या वायुदलाच्या विमानांतून पाणी शुद्ध करण्याची यंत्रे आणावी लागली, आणि शेजारच्या तोकेलाऊनेही आणीबाणी पुकारली. समुद्राने वर्षभर आधी दिलेली सूचना आणि दोन बादल्यांचे रेशन यांच्यामधले अंतर टाक्यांच्या आकाराने, पैशाच्या टंचाईने आणि निर्णयाच्या विलंबाने भरलेले असते. अंदाज अचूक करून ते कमी होत नाही.

याची दुसरी बाजू विषुववृत्ताच्या उत्तरेस, मायक्रोनेशियात पाहावयास मिळते. तेथे एल निन्यो ऐन भरात आल्यानंतरच्या महिन्यांत, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते मे या काळात, पाऊस तोंड फिरवतो. १९९७ च्या प्रचंड एल निन्योची चाहूल लागताच, तीनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या ‘पॅसिफिक एन्सो ॲप्लिकेशन सेंटर’ या संस्थेने त्या वर्षाच्या मध्यापासूनच पलाऊ, मायक्रोनेशिया संघराज्य आणि मार्शल बेटांच्या शासनांना येणाऱ्या अवर्षणाची सूचना दिली. ठिकठिकाणी दुष्काळ-समित्या नेमल्या गेल्या, गळक्या नळांची दुरुस्ती झाली, लोकांना पाणी जपून वापरण्याविषयी व संभाव्य साथीच्या रोगांविषयी आधीच सांगण्यात आले. अवर्षण टळले नाही. १९९८ च्या आरंभी ते अंदाजाप्रमाणे आले आणि शेतीची मोठी हानी करून गेले. पण ते अचानक आले नाही, आणि जेथे पाणी विमानतळाच्या धावपट्टीवरून वाहून हौदात साठवले जाते अशा माजुरोसारख्या शहराला एवढाही अवकाश फार मोलाचा होता. त्याच सुमारास पापुआ न्यू गिनीच्या पर्वतीय प्रदेशात अवर्षणाच्या जोडीला निरभ्र रात्रींचे हिव पडले आणि लाखो लोकांचे मुख्य अन्न असलेले रताळ्याचे पीक करपून गेले. ढग नाहीसे झाले की उष्ण कटिबंधातसुद्धा उंचावर दव गोठते, हे तेथील अनुमानात नेहमी धरावे लागते.

अंदाजाचा उपयोग पाण्यापुरताच राहिलेला नाही. सॉलोमन बेटांतील ग्वादलकनालच्या उत्तर भागात ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस कमी झाला की पुढील सहामाहीत हिवतापाचे प्रमाण वाढते, असे तेथील नोंदींवरून आढळले. कारण जोराच्या पावसाने डासांच्या अळ्या वाहून जातात आणि पाऊस मंदावला की साचलेल्या डबक्यांत त्यांना निवारा मिळतो. ‘पाऊस म्हणजे हिवताप’ ही आपली समजूत तेथे उलटी पडते, आणि आरोग्य खात्याला मच्छरदाण्यांची व औषधांची तरतूद करण्याची वेळ पर्जन्यमापकावरून ठरवता येते. नोव्हेंबर ते एप्रिल या चक्रीवादळांच्या ऋतूचाही असाच अंदाज काढला जातो; एल निन्योच्या वर्षी वादळांचा वावर पूर्वेकडे सरकतो, आणि एरवी क्वचितच वादळ पाहणाऱ्या फ्रेंच पॉलिनेशियाला १९८२-८३ मध्ये एकामागून एक तडाखे बसले ते याच कारणाने. परंतु वादळांची संख्या सांगणारा अंदाज, त्यांतील कोणते वादळ कोणत्या गावावर जाईल, हे सांगू शकत नाही. तेवढ्यासाठी रोजच्या वादळ-इशाऱ्यावरच विसंबावे लागते.

अंदाज लोकांपर्यंत पोचवणे हेही स्वतंत्र शास्त्र होऊन बसले आहे. बेटांवरील जाणत्यांना आंब्याचा व विलायती फणसाचा बहर, गांधीलमाश्यांच्या पोळ्यांची उंची, समुद्रपक्ष्यांचे जमिनीकडे येणे अशा खुणांवरून हंगाम ओळखण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि वानुआतू, सामोआ, टोंगा येथील हवामान खाती तिची थट्टा न करता अशा खुणांच्या नोंदी ठेवू लागली आहेत. वानुआतूत तर तेथील बिस्लामा भाषेत ‘क्लाउड नासारा’ नावाचा व्यंगपट करून, गावच्या चौकात जमलेल्या ढगांच्या गोष्टीतून एल निन्यो व ला निन्या समजावून सांगितले गेले. ज्या शेतकऱ्याला टक्के आवडत नाहीत, त्यालाही ढगांची गोष्ट समजते.

पुण्याच्या बैठकीतील बेटे

हिंदी महासागरातील बेटांचा हिशेब वेगळा असला तरी पद्धत तीच आहे. मालदीवमध्ये प्रवाळाची सुमारे बाराशे बेटे आहेत. मे ते नोव्हेंबर हा त्यांचा ओला हंगाम, आणि जानेवारी ते एप्रिल हा कोरडा, ज्यात कित्येक बेटांवर जहाजाने पाणी पाठवावे लागते. दक्षिण आशियाच्या हवामान खात्यांची, मान्सूनचे सामाईक अनुमान करण्यासाठी भरणारी पहिली परिषद एप्रिल २०१० मध्ये पुण्यातच भरली, आणि मालदीव व श्रीलंका ही दोन्ही बेटराष्ट्रे तिच्या बैठकींत भाग घेतात. अशा परिषदांची प्रथा आफ्रिकेच्या दक्षिण भागात १९९७ च्या सुमारास सुरू झाली. प्रत्येक देशाचे तज्ज्ञ आपापली अनुमाने मांडतात, वाद होतो, आणि शेवटी सर्वांच्या सहमतीचा एकच नकाशा निघतो. एकट्याने मोठे गणिती प्रारूप चालवणे ज्याला परवडणार नाही अशा लहान राष्ट्राला मोठ्यांच्या गणिताचा लाभ मिळतो; आणि मोठ्यांना बेटावरच्या त्या एका पर्जन्यमापकाची दप्तरे मिळतात, ज्यांच्यावाचून हजारो मैल समुद्रावरील पावसाची रुजवात करणेच अशक्य झाले असते.

या सर्व व्यवहारात एक उणीव मात्र अजून भरून निघालेली नाही. अंदाज काढण्याचे काम हवामान खात्याचे. पाणी वाटण्याचे काम दुसऱ्या खात्याचे. आणि पैसा मंजूर करण्याचे तिसऱ्याच. ५५ टक्क्यांचा कागद पहिल्याकडून तिसऱ्याकडे पोचेपर्यंत हंगाम निम्मा सरतो, आणि अधिकारी खात्री होण्याची वाट पाहत राहतो. आणि खात्री होते तेव्हा टाक्या रिकाम्या झालेल्या असतात. म्हणून अलीकडे शहाण्या शासनांनी उलटी रीत धरली आहे. सुकाळ असतानाच ठरवून ठेवावयाचे, की कोरड्या हंगामाची शक्यता अमुक टक्क्यांवर गेली आणि साठा अमुक पातळीखाली आला, तर कोणाच्याही नव्या हुकुमाची वाट न पाहता रेशन सुरू करावयाचे, यंत्रे हलवावयाची आणि निधी मोकळा करावयाचा. अशी तजवीज केलेल्या बेटाला, अशा दर पाच वेळांपैकी सुमारे दोनदा विनाकारण पाणी काटकसरीने वापरावे लागेल. हा तोटा खरा आहे, आणि तो आधीच मान्य करून लोकांना सांगितला पाहिजे. परंतु उरलेल्या तीन वेळांचा नफा त्याच्या कितीतरी पट असतो, आणि शक्यतेच्या भाषेत बोलणाऱ्या शास्त्राचा उपयोग शक्यतेच्या भाषेत निर्णय घेणाऱ्या राज्यालाच होतो.